डिझेलचा दर आणि भाड्याचा हिशेब
(ग्रामस्तरावरील कार्यकर्ते व शेतकरी यांच्याकरिता, मोताळा तालुक्यातील उदाहरणांसह)

शेतीच्या खर्चापैकी बियाणे, खते व मजुरी या बाबींकडे शेतकऱ्याचे लक्ष असते, कारण त्यांचे पैसे तो आपल्या हाताने मोजून देतो. इंधनाच्या खर्चाचे तसे नाही. स्वतःचा ट्रॅक्टर किंवा मोटार नसलेला शेतकरी वर्षानुवर्षे पेट्रोल पंपाची पायरी चढत नाही. तथापि डिझेलचे पैसे त्याच्या पदरचे जातच असतात. ते नांगरटीच्या एकरी दरात, मळणीच्या पोत्यामागील आकारणीत, बाजाराला माल नेणाऱ्या गाडीच्या भाड्यात आणि एस. टी.च्या तिकिटात मिसळलेले असतात. मिसळलेला खर्च वेगळा काढून पाहता आला नाही म्हणजे डिझेल वाढल्यावर भाडे किती वाढणे रास्त आहे हे समजत नाही. आणि डिझेल उतरल्यावर भाडे उतरावयास हवे होते, याची तर आठवणही राहत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिल्यास ट्रॅक्टरवाला अथवा गाडीवाला हाही बहुधा आपल्याच गावचा, बँकेचे कर्ज काढून धंद्यात पडलेला गृहस्थ असतो. दरवाढीच्या दिवसांत गावात जी बाचाबाची होते तीत दोघेही थोडेथोडे खरे बोलत असतात. हिशेब मात्र कोणाजवळच नसतो. तो हिशेब कसा मांडावा, हे दाखविणे हा या पाठाचा उद्देश आहे.

डिझेलचा दर कोठे ठरतो

बैलाच्या जोरावर शेती व वाहतूक चालत होती त्या काळी इंधन म्हणजे कडबा, ढेप व सरकी. यांतील पुष्कळसे घरच्याच शेतात पिकत असे. १८७० साली जलंब ते खामगाव हा आगगाडीचा फाटा सुरू झाला आणि खामगावच्या बाजारातील कापूस कोळशावर चालणाऱ्या गाडीने बाहेर जाऊ लागला. पण गावापासून बाजारापर्यंतचा टप्पा त्यानंतरही बराच काळ बैलगाडीकडेच राहिला. दुष्काळात कडबा महागला की गाडीचे भाडे चढे, म्हणजे इंधनाच्या भावाचा त्रास त्या वेळीही होताच. मात्र त्याचे कारण डोळ्यांसमोर असे. आज तो टप्पाही डिझेलवर गेला आहे. घरच्या कडब्याची जागा परदेशांतून येणाऱ्या तेलाने घेतली, आणि जिचा भाव ठरविण्यात शेतकऱ्याचा काडीइतका हात नाही अशी एक वस्तू शेतीच्या बहुतेक प्रत्येक कामात शिरली.

भारत आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. त्यामुळे दूरच्या देशांतील घडामोडींचा परिणाम आपल्या नांगरटीवर होतो. १९७३ साली अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला तेव्हा पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत १२ डॉलरांच्या आसपास गेला. तेव्हापासून तेलाचा भाव स्थिर असतो हे गृहीत धरून धंदा करणे जगभर सोडून द्यावे लागले.

आपल्या देशात डिझेलचा किरकोळ दर पुष्कळ वर्षे शासन ठरवीत असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरील नियंत्रण उठले व १६ जून २०१७ पासून देशभर पंपावरील दर रोज सकाळी जाहीर होऊ लागला. रोज जाहीर होतो म्हणून तो रोज बदलतोच असे मात्र नाही. नोव्हेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यापासून २१ मार्च २०२२ पर्यंत पंपावरील दर जवळजवळ जागचा हलला नाही. या अवधीत युक्रेनमधील युद्ध पेटले व जागतिक बाजारात तेल भडकले होते. नंतर २२ मार्च ते ६ एप्रिल या सोळा दिवसांत लिटरमागे सुमारे १० रुपयांची वाढ झाली. हे नेमके गव्हाच्या मळणीचे व उन्हाळी नांगरटीचे दिवस होत. ज्या ट्रॅक्टरवाल्याने मार्चच्या आरंभी दर सांगून काम अंगावर घेतले होते त्याला ते एप्रिलमध्ये निराळ्याच दराच्या डिझेलवर पुरे करावे लागले.

कराचा भाग येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण ‘जगात तेल स्वस्त झाले, मग येथे का नाही?’ हा प्रश्न कार्यकर्त्यास नेहमी विचारला जातो. केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असते. त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर बसतो. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे कच्चे तेल कोसळले, त्याच सुमारास मार्चमध्ये लिटरमागे ३ रुपये व मे महिन्यात डिझेलवर आणखी १३ रुपये शुल्क वाढले. परिणामी ती स्वस्ताई पंपापर्यंत पोचली नाही. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईसह महाराष्ट्रात अनेक ठिकाणी डिझेल शंभरी ओलांडून गेल्यावर नोव्हेंबरात शुल्क १० रुपयांनी उतरविण्यात आले, मे २०२२ मध्ये आणखी ६ रुपयांनी, आणि जुलै २०२२ मध्ये राज्य शासनाने आपला कर लिटरमागे ३ रुपयांनी कमी केला. मार्च २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी दरात २ रुपयांची घट केली. दर वाढतात तसे ते घटतातही, एवढे या तारखांवरून ध्यानात ठेवावे. पुढील हिशेबात त्याचा उपयोग आहे.

नांगरटीचे उदाहरण

आता एका ट्रॅक्टरचा हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे उदाहरणाकरिता घेतले आहेत. प्रत्येक गावाने आपापले आकडे घालून हिशेब पुन्हा करावा.

समजा, एका ट्रॅक्टरमालकाचा नांगरटीचा दर एकरी १,६०० रुपये आहे आणि डिझेल ८० रुपये लिटर आहे. नांगरटीस एकरी ८ लिटर डिझेल लागते असे धरू. म्हणजे १,६०० पैकी ६४० रुपये डिझेलचे झाले. उरलेल्या ९६० पैकी चालकाची मजुरी २००, वंगण व दुरुस्ती १६०, कर्जाचा हप्ता ४०० असे गेल्यावर मालकाच्या हाती एकरी २०० रुपये राहतात. हप्त्याचे ४०० कसे धरले तेही सांगितले पाहिजे. वर्षाचा हप्ता १,२०,००० रुपये व वर्षाचे काम ३०० एकर असे धरून हा आकडा आला आहे.

डिझेल ८० वरून ९० झाले. लिटरमागे वाढ साडेबारा टक्के. पण एकरी दरात डिझेलचा वाटा शेकडा ४० असल्याने एकरी खर्च वाढला तो ८ लिटरांचा ८० रुपये, म्हणजे दराच्या शेकडा ५. ‘डिझेल साडेबारा टक्क्यांनी वाढले म्हणून मीही भाडे साडेबारा टक्क्यांनी वाढविले’ असे म्हणणारा ट्रॅक्टरवाला एकरी २०० रुपये वाढवून मागत असतो. त्यांतले ८० डिझेलचे आहेत, १२० नाहीत.

हे ऐकून शेतकऱ्याला आपली बाजू बळकट झाली असे वाटेल. परंतु हाच हिशेब उलट बाजूनेही वाचावयास हवा. दर १,६०० च ठेवला तर वाढीव ८० रुपये जातात कोठून? चालक मजुरी कमी घेणार नाही व बँक हप्ता कमी करणार नाही. तेव्हा ते मालकाच्या २०० रुपयांतूनच जातात. त्याच्या हाती १२० राहतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने जी वाढ शेकडा ५ ची, ती ट्रॅक्टरवाल्याने सोसावयाची ठरल्यास त्याची शेकडा ४० मिळकत खाऊन टाकते. पाच टक्क्यांसाठी गावचा माणूस हमरीतुमरीवर का येतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

दर वाढवून न मिळाल्यास तो काय करतो, हे शेतात पाहावयास मिळते. नांगराची खोली कमी केली की डिझेल कमी लागते. बांधाजवळचे व कोपऱ्याचे तास सुटतात. इंजिनाचे तेल बदलण्याची मुदत लांबते. दूरच्या अर्ध्या-पाऊण एकराच्या तुकड्याला ‘उद्या येतो’ असे सांगितले जाते व तो उद्या लवकर उजाडत नाही. शेतकऱ्याने एकरी ८० रुपये वाचविले असे कागदावर दिसते. पण भारी काळ्या जमिनीत नांगर चार बोटे वर चालला, तर हरळी-कुंद्याची मुळे खाली तशीच राहतात व त्यांचा खर्च निंदणीत निघतो. घासाघीस करून मिळविलेला स्वस्त दर पुष्कळदा असा महाग पडतो, असे आमचे मत आहे.

ट्रॅक्टरवाल्यानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समजा, त्याने दर १,६८० केला व काम ३०० एकरच राहिले. डिझेल ७२०, मजुरी व दुरुस्ती ३६० जाऊन एकरी ६०० उरतात. वर्षाचे १,८०,००० झाले. हप्ता वजा जाता ६०,००० रुपये राहिले, म्हणजे पूर्वीइतकेच. आता समजा त्याने संधी साधून दर १,८०० केला आणि पाचातला एक शेतकरी सुटला. कोणी नांगरटीऐवजी नुसत्या वखरणीवर भागविले, कोणी शेजारच्या गावचा ट्रॅक्टर आणला. काम २४० एकर राहिले. एकरी ७२० उरून वर्षाचे १,७२,८०० होतात. हप्ता तेवढाच, १,२०,०००. हाती राहतात ५२,८००. दर एकरी १२० रुपयांनी अधिक लावूनही मिळकत ७,२०० रुपयांनी घटली. कारण उघड आहे. हप्ता एकरावर ठरत नाही. ३०० एकरांवर तो एकरी ४०० पडत होता, २४० एकरांवर ५०० पडू लागला. डिझेलने एकरी ८० रुपये नेले, तर सुटलेल्या गिऱ्हाइकाने १०० रुपये नेले. ज्याच्या डोक्यावर मोठे कर्ज आहे अशा धंद्याला महाग डिझेलापेक्षा उभा असलेला ट्रॅक्टर अधिक महाग पडतो.

टायर, वंगण, सुटे भाग व चालकाची मजुरी ही देखील वाढत असते, आणि त्याबद्दल दर वाढविण्यात काही गैर नाही. मात्र ती वाढ वेगळी सांगावी. सर्वच वाढ डिझेलच्या नावावर खपविली की डिझेल उतरल्यावर उत्तर देणे अवघड होते.

मोजल्यावाचून बोलू नये

वरील हिशेबाचा सर्व डोलारा ‘एकरी ८ लिटर’ या आकड्यावर उभा आहे. तो कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नये. मोताळा तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग अजिंठ्याच्या डोंगररांगेस लागून आहे व उत्तरेकडची जमीन पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाते. डोंगरपायथ्याच्या हलक्या मुरमाड जमिनीत आणि खोऱ्यातील खोल काळ्या जमिनीत सारख्याच खोलीच्या नांगरटीस सारखे डिझेल लागत नाही. त्याच काळ्या जमिनीत वाफसा असताना व ती तापून ढेकूळ झाल्यावर लागणारे डिझेलही निराळे असते.

मोजण्याची रीत सोपी आहे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून टाकी काठोकाठ भरावी. फिता लावून मोजलेला एक एकर नेहमीच्या खोलीने नांगरावा. पुन्हा त्याच जागी, त्याच तोंडाने ट्रॅक्टर उभा करून मापाच्या भांड्याने टाकी पूर्ववत काठोकाठ भरावी. जितके लिटर बसले तितके त्या एकरास लागले. शेत दूर असल्यास जाण्यायेण्याचे डिझेल वेगळे मोजावे. ते सर्वांच्या एकरी दरात मिसळल्यास जवळच्या शेतकऱ्याने दूरच्याचे भाडे भरल्यासारखे होते. असेच माप पंजी, रोटाव्हेटर व मळणी यंत्र यांचेही घ्यावे. मळणीचे माप एकराऐवजी पोत्यावर किंवा क्विंटलवर काढावे. कार्यकर्त्याने ही चाचणी हंगामाच्या आरंभी चार-पाच शेतकरी व दोन-तीन ट्रॅक्टरमालक यांच्यासमक्ष केली तर पुढील भांडणाचा बराचसा भाग तेथेच मिटतो.

एकदा लिटरचा आकडा सापडला म्हणजे टक्केवारीच्या भानगडीत पडण्याचेही कारण उरत नाही. ८ लिटर लागणाऱ्या कामास डिझेल रुपयाने वाढल्यास एकरी ८ रुपये वाढतात व रुपयाने उतरल्यास ८ रुपये उतरतात. ५ लिटर लागणाऱ्या कामास ५ रुपये. निरक्षर माणसालाही हा हिशेब तोंडी ठेवता येतो.

माल बाजारात नेताना

नांगरटीत निदान शेतकरी गिऱ्हाईक असतो; दर पटला नाही तर नको म्हणू शकतो. माल विकताना तो विक्रेता असतो. आपल्याकडील रूढ समजुतीप्रमाणे विक्रेत्याने खर्च वाढला की भाव वाढवावा. किराणा दुकानदार तसे करतो, गाडीवाला तसे करण्याचा प्रयत्न करतो. शेतकऱ्याला मात्र ते करता येत नाही. सोयाबीनचा किंवा कपाशीचा भाव दूरच्या बाजारात ठरतो आणि तेथून मागे येत येत, प्रत्येक टप्प्याचे भाडे वजा होऊन, गावात पोचतो. त्यामुळे डिझेल वाढल्यावर शेतकरी दोनदा पैसे देतो. शेतात येणाऱ्या यंत्राचे भाडे तो वाढवून देतो आणि शेतातून जाणाऱ्या मालाचे भाडे त्याच्या भावातून कापले जाते. किमान आधारभूत किंमत ठरविताना यंत्राच्या खर्चाचा विचार होतो हे खरे. पण ती किंमत हंगामासाठी एकदा जाहीर होते, आणि मध्येच डिझेल चढले म्हणून ती चढत नाही.

या कपातीचा हिशेब शेतकऱ्याला मांडता आला पाहिजे. मोताळ्याहून मलकापूर व बुलढाणा ही दोन्ही गावे सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरवर आहेत. मलकापूरची जाऊन-येऊन फेरी ५० किलोमीटरांची धरू. पिकअप गाडी लिटरला साडेबारा किलोमीटर चालते असे मानल्यास ४ लिटर डिझेल लागले. डिझेल ८० वरून ९० झाल्यास फेरीचा खर्च ४० रुपयांनी वाढला. गाडीत १६ क्विंटल सोयाबीन असेल तर वाढ क्विंटलला अडीच रुपये झाली. गाडीत ४ क्विंटलच असेल तर तीच वाढ क्विंटलला १० रुपये झाली.

या दोन आकड्यांपासून दोन गोष्टी शिकता येतात. पहिली ही की, घरी येऊन खेडा खरेदी करणारा व्यापारी ‘डिझेल दहा रुपयांनी वाढले’ असे म्हणून क्विंटलमागे दहा-वीस रुपये कमी देऊ लागला, तर त्याची गाडी भरून जाते की रिकामी, हे त्याला विचारावे. भरलेल्या गाडीचे अडीच रुपये होतात. दुसरी ही की, शेतकरी स्वतः चार पोती घेऊन एकटा बाजार गाठतो तेव्हा डिझेलच्या भावाने होत नाही इतके नुकसान अर्ध्या रिकाम्या गाडीने होते. चार घरांनी एका दिवशी एक गाडी भरली तर दरवाढीचा मार तर चुकतोच, शिवाय मूळ भाडेही चौथ्या हिश्शावर येते. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा बचत गट असेल तेथे हे काम त्याच्याकडे सोपवावे. नसेल तेथे शेजाऱ्यांनी परस्परांत ठरविले तरी पुरे. पोत्यांवर नावे घालावीत व वजन गाडीत चढविण्यापूर्वी करावे, म्हणजे संशयाला जागा राहत नाही.

कपाशीची गोष्ट निराळी आहे. सोयाबीनची गाडी वजनाने भरते, कापसाची गाडी आकाराने भरते. दाबून भरलेला कापूस देखील वजनाच्या मानाने जागा फार अडवितो. त्यामुळे कापसाचे क्विंटलमागील भाडे नेहमीच चढे पडते व दरवाढीचा भार त्यावर अधिक बसतो. सोयाबीनच्या भाड्याशी कापसाच्या भाड्याची तुलना करून गाडीवाल्याला दोष देऊ नये.

घाटाचाही विचार करावा लागतो. बुलढाण्यास जाताना राजूरचा घाट चढावा लागतो. भरलेल्या गाडीला या चढणीवर जे जास्त डिझेल लागते ते परतीच्या उतारावर सर्व भरून निघत नाही. म्हणून किलोमीटर सारखे असले तरी घाटावरचे व घाटाखालचे भाडे सारखे असेल असे नाही. दोन्ही बाजारांचा भाव विचारताना भाडे वजा जाता हाती काय पडते ते पाहावे. नुसता भाव पाहून घाट चढू नये.

इतर धंदे

सर्व धंद्यांवर डिझेलचा परिणाम एकसारखा होत नाही. विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीने डिझेलचे कारण सांगून दळणाचे दर वाढविल्यास ते मान्य करू नये. किराणा मालाच्या किमतीत गावापर्यंतच्या भाड्याचा अंश असतो, पण किलोमागे तो पैशांत भरतो. दूध व भाजीपाला यांचे तसे नाही. हा माल थांबू शकत नाही, गाडी अर्धी भरली असली तरी ती निघावीच लागते. म्हणून त्यावर भाडेवाढीचा भार जड पडतो. युरियाची विक्री-किंमत शासनाने ठरविलेली असल्याने गोणीच्या छापील दरात डिझेलमुळे फरक पडत नाही, आणि छापील दरापेक्षा अधिक पैसे कोणी भाड्याच्या नावाने मागत असल्यास कृषी विभागाच्या निरीक्षकास कळवावे. ठिबकच्या नळ्या व प्लॅस्टिकचे पाइप हे मात्र तेलापासूनच तयार होत असल्याने कच्च्या तेलाबरोबर त्यांचे भाव हलतात.

एस. टी.चे उदाहरण शिकण्यासारखे आहे. तेथे तिकीट रोजच्या डिझेलबरोबर बदलत नाही. महामंडळ काही काळ वाढ सोसते व मग एकदम दर चढवते. जून २०१८ मध्ये १८ टक्के, ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस १७.१७ टक्के आणि जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के अशी भाडेवाढ झाली. ऑक्टोबर २०२१ च्या वाढीनंतर थोड्याच दिवसांत डिझेलवरील शुल्क १० रुपयांनी उतरले. तिकीट उतरले नाही. महामंडळाच्या खर्चात वेतन, सुटे भाग व गाड्यांची खरेदी यांचाही वाटा असल्याने हे समजण्यासारखे आहे. तथापि चढलेले भाडे आपोआप उतरत नाही हा अनुभव येथून घ्यावा, आणि गावातील ठरावात उतरण्याची अट आधीच घालून ठेवावी.

घरच्या इंजिनाविषयी

नाल्यावर किंवा विहिरीवर अद्याप डिझेल इंजिन चालविणाऱ्या शेतकऱ्याला कोणाशी भांडावयाचे नसते. त्याचा हिशेब त्याच्या स्वतःशी असतो. ५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर चालताना तासाला साधारण १ लिटर डिझेल खाते. हरभऱ्याच्या एका पाण्याला १० तास लागत असतील तर डिझेल १० रुपयांनी वाढल्यास एका पाण्याचा खर्च १०० रुपयांनी वाढला. हे शंभर रुपये वाचविण्याच्या जागा पुष्कळदा इंजिनाजवळच असतात. पाणी चढविणाऱ्या नळाचा व्यास लहान, वाकणे अधिक, तळाच्या फूटव्हॉल्व्हची जाळी गाळाने भरलेली, पट्टा सैल होऊन घसरणारा, असे असल्यास इंजिन तेवढेच डिझेल खाऊन पाणी कमी देते. धुरांड्यातून काळा धूर सतत निघत असेल तर डिझेल पुरते जळत नाही असे समजावे व इंजेक्टर आणि हवेची जाळी तपासून घ्यावी. टाकीच्या नळीतून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसरात्रीत ८६,४०० थेंब गळतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी ते चार लिटरांहून अधिक होते. नळीचा वायसर काही रुपयांना मिळतो.

ज्यांना कायम पाण्याचा आधार आहे त्यांनी डिझेल सोडण्याचाही विचार करावा. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषी पंपांना मोफत विजेची योजना लागू झाली. त्याच वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजनाही जाहीर झाली असून तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा आहे. मात्र सौर पंप विहिरीवर बसवून जागेवरच राहतो. हिवाळ्यात आज या नाल्यावर तर उद्या त्या नाल्यावर इंजिन नेणाऱ्याची अडचण त्याने सुटत नाही, हे अर्ज करण्यापूर्वी पाहावे.

हंगामापूर्वीचा ठराव

रब्बीची काढणी आटोपत येते व नांगरटीची बोलणी सुरू होतात ते दिवस, म्हणजे गुढीपाडव्यापूर्वीचा पंधरवडा, या कामास योग्य होय. कार्यकर्त्याने ट्रॅक्टरमालक, गाडीवाले व शेतकरी यांना ग्रामपंचायतीत एकत्र बसवावे. ठरावात चार गोष्टी असल्या म्हणजे पुरे: त्या दिवशीचा पंपावरील डिझेलचा दर, प्रत्येक कामाचे मोजून काढलेले लिटर, त्या दिवशीचा मान्य भाड्याचा दर, आणि डिझेल लिटरमागे २ रुपयांहून अधिक चढले किंवा उतरले तर लिटरांच्या हिशेबाने भाडेही तितके चढेल किंवा उतरेल ही अट. २ रुपयांच्या आतील चढउतार दोघांनीही सोडून द्यावा. दर पावलाला दर बदलू लागला तर कामच उभे राहणार नाही. नांगराची खोलीही ठरावात लिहावी. एवढे एक कलम शेतकऱ्याच्या बाजूचे अवश्य असावे.

काही ट्रॅक्टरमालक अशा ठरावास प्रथम नाखूष असतात असा अनुभव आहे. त्यांना वाटते की आपले हात बांधले जातील. त्यांना २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या सोळा दिवसांची आठवण द्यावी. त्या वेळी असा ठराव असता तर अंगावर घेतलेल्या कामाची वाढ मागण्यास कोणाच्या दारात उभे राहावे लागले नसते. शेतकऱ्यांना मे २०२२ ची आठवण द्यावी. डिझेलवरील शुल्क त्या महिन्यात ६ रुपयांनी उतरले, म्हणजे ८ लिटरांच्या नांगरटीत एकरी ४८ रुपये. ते किती जणांनी मागितले?

ठरावाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा व त्याखाली दर आठवड्याला डिझेलचा दर खडूने लिहावा. हे काम शाळेतील मोठ्या मुलांकडे देण्यास हरकत नाही. बैठकीस येताना मागील हंगामातील भाड्याच्या पावत्या, पंपावरील एक ताजी पावती, मोजण्याचा फिता व पाच लिटरचे मापाचे भांडे बरोबर आणण्यास सर्वांना आधी कळवावे.